नाव टाकलं की माणूस सापडतो



ऑगस्ट 2023 मध्ये आपल्या देशात डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो कशाकशाला लागू नाही, हे त्याच्या तिसऱ्या कलमात सांगितलं आहे. माणसानं स्वतःची माहिती आपणहून सर्वांसाठी खुली केली असेल, तर तिला या कायद्याचं संरक्षण नाही. कलमाखाली एक उदाहरण छापलेलं आहे. त्यात एक बाई आहे. तिला नाव नाही, नुसतं एक अक्षर आहे. ती आपली मतं लिहिते आणि लिहिता लिहिता समाजमाध्यमावर स्वतःबद्दलची माहिती खुली करते. अशा वेळी कायद्यातल्या तरतुदी लागू होणार नाहीत, एवढं सांगून ते उदाहरण संपतं.

ही बाई माझ्या डोक्यातून जात नाही. काय लिहिलं असेल तिनं? नवऱ्याच्या आजारपणाबद्दल, मुलीच्या फीबद्दल, गल्लीत चार दिवस पाणी आलं नाही त्याबद्दल? वाचणारे कोण असतील? नात्यातले, शाळेतले, शेजारपाजारचे. कायदा म्हणतो, तिनंच सांगितलं ना, मग आता तक्रार कसली? आज मला त्या बाईची बाजू मांडायची आहे. चारचौघांत बोलणं वेगळं. आणि वर्षानुवर्षं आपण चारचौघांत जे जे बोललो ते कुणाही परक्याला, आपलं नाव टाकल्याबरोबर, एका ठिकाणी वाचता येणं वेगळं. पहिल्याला तिची संमती होती. दुसऱ्याबद्दल तिला कुणी विचारलंच नाही.

मी हे बोलते आहे ती सूची करणारी म्हणून. आयुष्यभर तेच काम केलं. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या ग्रंथालयात जमतो, त्या सरांच्या हाताखाली ते शिकले. शं. ग. दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली. ती नसती, तर कितीतरी पुस्तकं कुठल्या तरी कपाटात असूनही नसल्यासारखी राहिली असती. पुस्तक असणं आणि पुस्तक सापडणं यांतलं अंतर सूचीकार मिटवतो. हे फार मोठं सामर्थ्य आहे, आणि सरांना त्याची जाणीव होती.

ज्यांनी इथला कात्रणविभाग पाहिला आहे त्यांना आठवेल. खिडकीलगत लाकडी कपाट, त्यात पितळी कड्यांचे लांबट खण, खणात दांडीत ओवलेली कार्डं. डावीकडच्या कोपऱ्यात विषय, खाली वृत्तपत्राचं नाव, तारीख, पान. दुष्काळ, धरणं, नगरपालिका, नाट्यसंमेलनं. व्यक्तींच्या नावांचाही एक खण होता. त्यात मंत्री होते, लेखक होते, गिरणीमालक होते, पैलवान होते. पण चोरीच्या आरोपात पकडलेल्या पोराचं कार्ड त्यात नव्हतं. विहिरीत उडी घेतलेल्या सुनेचं नव्हतं. ज्याच्या घराचा लिलाव पुकारला गेला त्या दुकानदाराचंही नव्हतं. बातम्या होत्या, वृत्तपत्रांचे बांधीव खंड वाचनकक्षात होते, तारीख सांगितली की शिपाई खंड काढून आणून टेबलावर ठेवत असे. कुणालाही मनाई नव्हती. फक्त अशा माणसांच्या नावानं कार्ड करायचं नाही, असा सरांचा दंडक होता. ज्याला ती बातमी खरोखर हवी आहे तो खंड चाळेल. ज्याला कुणाचं तरी उणं काढायचं आहे त्याला मी कार्ड करून का देऊ, असा त्यांचा विचार होता. मला त्या वयात हा हळवेपणा वाटला. आज तो मला न्यायशास्त्र वाटतो.

खरोखरच न्यायालयांनी तो तसा मांडला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर 1989 साली एक प्रकरण आलं. एका माणसाच्या अटका आणि शिक्षा यांची एकत्रित नोंद एफबीआयकडे होती. पत्रकारांना ती हवी होती. त्यांचं म्हणणं, यातली प्रत्येक नोंद कुठल्या ना कुठल्या कोर्टात, पोलीस ठाण्यात आधीच खुली आहे, मग यात खासगी काय उरलं? न्यायालयानं ते मानलं नाही. गावोगावच्या दप्तरांत पायपीट करून जे सापडेल ते, आणि एका संगणकात एका जागी गोळा केलेलं ते, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, असं न्यायालय म्हणालं. शोधायला लागणारे कष्ट हेच सामान्य माणसाचं संरक्षण होतं. ते कुणी मुद्दाम दिलेलं नव्हतं, म्हणून ते काढून घेतलं गेलं तेव्हा कुणाला कळलंही नाही.

दुसरं प्रकरण स्पेनमधलं. मारिओ कोस्तेखा गोन्सालेस या गृहस्थांच्या थकबाकीपोटी मालमत्तेच्या लिलावाची जाहीर सूचना 1998 साली ‘ला व्हॅन्ग्वार्दिया’ या दैनिकात आली. थकबाकीचा प्रश्न पुढे मिटला. पण अनेक वर्षांनीही गूगलवर त्यांचं नाव टाकलं की ती सूचना समोर येई. 13 मे 2014 रोजी युरोपीय न्यायालयानं निकाल दिला. त्यात दैनिकाला काही पुसायला सांगितलं नाही, बातमी तिथेच राहिली. नावाचा शोध घेतल्यावर येणारा दुवा मात्र गूगलनं काढावा, असा तो निर्णय. म्हणजे खंड वाचनकक्षात राहू द्या, खणातलं कार्ड काढा. लिलाव पुकारलेल्या दुकानदाराबद्दल आमच्या सरांचा जो दंडक होता, तोच लक्झेंबर्गच्या न्यायासनानं सांगितला.

आता हे यंत्र चालतं कसं, ते थोडक्यात. पुस्तकाच्या शेवटी सूची असते. शब्द, आणि त्यापुढे पानांचे आकडे. गूगल असो, फेसबुक असो, मुळात हेच करतात. जगातला प्रत्येक शब्द, आणि तो कुठे कुठे आला आहे त्याची यादी. एरवी आपण कागदावरून शब्दाकडे जातो, इथे शब्दावरून कागदाकडे. त्यामुळे शोधणाऱ्याला कष्ट उरत नाहीत. अडवायला काय आहे? 1994 साली एक प्रघात पडला. संकेतस्थळाच्या मालकानं एक छोटी फाइल ठेवायची, तिचं नाव रोबोट्स डॉट टीएक्सटी, आणि तीत लिहायचं की शोधयंत्रांनी अमुक पानांवर येऊ नये. ती विनंती असते. पाळणारे पाळतात, न पाळणारे पाळत नाहीत.

शोधण्याचे कष्ट संपवणाऱ्या या बदलात मला सर्वांत अन्याय्य वाटतं ते हे, की तो मागल्या तारखेपासून लागू झाला. 2009 साली फेसबुकवर कुणी काही लिहिलं, तर चार दिवसांत ते खाली जायचं, वाहून जायचं. लिहिणाऱ्यानं त्या व्यवस्थेत लिहिलं. 2009 च्याच डिसेंबरात फेसबुकनं खासगीपणाची रचना बदलली आणि पूर्वी मर्यादित असलेली कितीतरी माहिती सर्वांना दिसू लागली. त्यावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगानं 2011 मध्ये कंपनीकडून समझोता करून घेतला. 2013 च्या ऑक्टोबरात, नावानं शोधल्यावर आपण सापडूच नये, ही सोय काढून टाकण्यात आली. आणि 2015 च्या ऑक्टोबरात फेसबुकनं जाहीर केलं की आता सगळ्या खुल्या पोस्टमधून शब्दाशब्दानं शोध घेता येईल. त्यांच्या सूचीत तेव्हा 2 लाख कोटी पोस्ट होत्या. सहा वर्षांपूर्वी रात्री अकरा वाजता, सासूशी भांडण झाल्यावर लिहिलेल्या चार ओळी तीत आल्या. तीच पोस्ट, त्याच जागी. पण ती लिहिताना जो करार गृहीत होता तो राहिला नाही. पुढे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीपुढे फेसबुकच्या मेटा कंपनीनं मान्य केलं की 2007 पासूनच्या प्रौढांच्या खुल्या पोस्ट त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या आहेत. 2007 साली हे कोण कल्पू शकलं असतं?

क्रिकेटवाल्यांना एक उदाहरण आठवत असेल. जून 2021, लॉर्ड्स. ऑली रॉबिन्सन हा इंग्लंडचा वेगवान गोलंदाज न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी खेळत होता. पहिल्याच दिवशी, त्यानं अठरा-एकोणीस वर्षांचा असताना केलेले वंशद्वेषी आणि स्त्रीद्वेषी ट्विट कुणीतरी वर काढले. त्यानं सामन्यात सात बळी घेतले आणि सामना संपल्यावर तो निलंबित झाला. ते ट्विट वाईटच होते, त्यांचं समर्थन मी करणार नाही. तो देशाचा खेळाडू होता, त्याला माफी मागायला व्यासपीठ मिळालं, मंडळानं चौकशी केली, पुढे तो खेळलाही. माझी काळजी दुसऱ्याच माणसाची आहे. ज्याला नोकरी का मिळाली नाही हे कुणी सांगतच नाही. जिचं स्थळ परस्पर नाकारलं जातं आणि ‘पत्रिका जुळत नाही’ एवढा निरोप येतो. आपल्याकडे बायोडेटा आला की आधी मुलीचं फेसबुक आणि इन्स्टाग्राम चाळतात, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्याला कशावरून तोललं ते त्या मुलीला कधीच कळत नाही, म्हणून तिला खुलासाही करता येत नाही.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीला अमेरिकेत एमएससाठी प्रवेश मिळाला. तेवढ्यात जून 2025 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा आदेश आला, की विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांनी आपली समाजमाध्यमांवरची सगळी खाती खुली करून ठेवावीत. पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावं तर 2019 पासून अर्जात भरावी लागतातच. आता खासगी ठेवलेलंही उघडायचं. पोरीचं खातं मैत्रिणींपुरतं होतं. ती आणि तिची आई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसल्या आणि अकरावीपासूनच्या पोस्ट बघत गेल्या. गॅदरिंगचे फोटो. एका मोर्चाचा फोटो. आजीच्या तेराव्याचा फोटो, त्यात सगळे काका-काकू. मैत्रिणीनं तिच्या भिंतीवर लिहिलेलं स्वतःच्या घरचं दुःख. आई मध्येच म्हणाली, अगं, हे तिचं आहे, हे आपण कसं उघडायचं? मुलीकडे उत्तर नव्हतं. काही पुसावं तर लपवल्यासारखं दिसेल, ठेवावं तर मैत्रीण उघडी पडेल. त्याच डिसेंबरात हाच नियम एच-वन-बी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या एच-फोर अर्जदारांनाही लागू झाला. आपल्याकडची किती घरं या नियमाखाली आली असतील, ते पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत विचारा.

कुणी म्हणेल, शोधात सापडणं वाईटच आहे असं तुम्ही ठरवूनच आलात. तसं नाही. एप्रिल-मे 2021 आठवा. करोनाची दुसरी लाट, ऑक्सिजन नाही, रेमडेसिविर नाही, खाट नाही. तेव्हा लोक ट्विटरवर शहराचं नाव आणि ‘ऑक्सिजन’ असं टाकून शोधत होते. अनोळखी पोरं रात्र रात्र बसून फोन लावून खात्री करत होती आणि कुठे काय शिल्लक आहे ते लिहीत होती. रुग्णाचं नाव, वय, ऑक्सिजनची पातळी, रुग्णालय, नातेवाइकाचा फोन नंबर; सगळं उघड्यावर. त्या शोधानं माणसं वाचली. मी त्या मुलांना नमस्कार करते. पण त्याच नंबरांवर बायकांना अश्लील फोन आल्याच्या तक्रारीही त्याच दिवसांत प्रसिद्ध झाल्या. आणि लाट ओसरल्यावर त्या लाखो ओळींचं काय झालं? ज्या कामासाठी त्या लिहिल्या ते काम संपलं, पुष्कळदा ज्याच्यासाठी लिहिल्या तो माणूसही राहिला नाही. नंबर मात्र राहिले. गरजेच्या वेळी सापडायला हवं आणि गरज सरल्यावर सापडणं थांबायला हवं, एवढी साधी सोय त्या यंत्रात कुणी ठेवली नव्हती.

हेलन निसेनबॉम या अभ्यासकबाईंनी 2004 मध्ये याची उपपत्ती मांडली. माहिती खासगी की सार्वजनिक एवढंच विचारून भागत नाही. ती कुठल्या प्रसंगात, कुणाला, कुठल्या रिवाजानं दिली गेली, आणि पुढे त्या रिवाजाला धरून फिरली का, हे पाहावं लागतं. आपल्याला हे समजायला ग्रंथाची गरज नाही. एसटीत शेजारी बसलेल्या बाईला आपण घरचं काहीबाही सांगतो, मागच्या बाकावरचे ऐकतात, त्याचं काही वाटत नाही. पण त्यांतल्या एकानं पाच वर्षं आपल्या प्रत्येक प्रवासात मागे बसून वही भरली, तर आपण पोलिसांत जाऊ. त्यानं काय गुन्हा केला? ऐकलं ते सगळं उघड्यावरचंच होतं.

या वहीचं काय होतं, ते 1 जानेवारी 2022 ला दिसलं. ‘बुली बाई’ नावाचं एक ॲप निघालं. मुस्लिम पत्रकार, कार्यकर्त्या, विद्यार्थिनी अशा शंभरावर स्त्रियांचे, त्यांनी स्वतःच समाजमाध्यमांवर ठेवलेले फोटो उचलून त्यांचा खोटा ‘लिलाव’ त्यावर मांडला होता. सहा महिन्यांपूर्वी ‘सुली डील्स’ नावानं हेच झालं होतं. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेनं काही दिवसांत अटका केल्या. आरोपींत विशी-बाविशीतली मुलं होती. फोटो चोरलेले नव्हते, कुलूप तोडलेलं नव्हतं. बोलणाऱ्या बायका शोधून, वेचून, यादी करणं एवढंच लागलं. म्हणून ‘लिहिलंच कशाला, फोटो टाकलाच कशाला’ हा प्रश्न मला सहन होत नाही. त्याचा अर्थ इतकाच होतो की बायकांनी, अल्पसंख्याकांनी, गरिबांनी गप्प बसावं. ज्यांना शोधलं जाण्याची भीती नाही त्यांनी बोलावं. दिवाळीचा फराळ किंवा शिवलेले ब्लाउज इन्स्टाग्रामवर विकणारी बाई गप्प बसली तर तिचं पोट कसं चालेल? जुलै 2025 पासून व्यावसायिक म्हणून नोंदवलेल्या खात्यांच्या खुल्या पोस्ट गूगलच्या शोधात येऊ लागल्या. बंद करण्याची सोय आहे, ती सेटिंगमध्ये खोल कुठेतरी. गिऱ्हाइकाला लाडू दिसावेत, हे तिला हवंच आहे. लाडवांमागे दिसणारा तिचा ओटा आणि अभ्यासाला बसलेला मुलगा तिच्या नावानं जगाला सापडावा, हे तिनं कधी मागितलं नव्हतं.

सत्तेवरच्या माणसांचं काय? त्यांचं सगळं सापडलं पाहिजे. आमदार निवडणुकीआधी काय बोलला, मंत्र्यानं दंगलीच्या दिवशी काय लिहिलं, कंपनीनं काय आश्वासन दिलं. यातलं एक अक्षर सूचीबाहेर जाऊ नये. विसरलं जाण्याचा हक्क त्यांच्या हाती गेला तर ते इतिहासच पुसतील, ही भीती रास्त आहे. सरांच्या खणात मंत्र्यांची कार्डं होती, ती त्यांनी कधी काढली नाहीत. फरक करायला विवेक लागतो आणि तो अवघड आहे, हे मान्य. पण 2017 च्या 24 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, तेव्हा न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या निकालपत्रात याच विवेकाची चर्चा केली आहे: माणसं विसरतात, इंटरनेट विसरत नाही, आणि माणसाला बदलण्याची, चुका मागे टाकण्याची मुभा हवी. सहा वर्षांनी झालेल्या कायद्यात त्या अक्षराच्या बाईसाठी यातलं काही उतरलं नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये या कायद्याचे नियम आले. मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तिसऱ्या कलमातली ती सूट सरसकट ठेवू नये, माहिती ज्या कारणासाठी खुली केली त्या कारणापुरतीच ती ठेवावी, ही मागणी आपल्या खासदारांकडे करायला अजून उशीर झालेला नाही.

तंत्रज्ञानाला दुसरं काही जमतच नाही, असंही कुणी सांगू नये. मॅस्टोडॉन या माध्यमानं सप्टेंबर 2023 मध्ये पोस्टमधून शब्दशोधाची सोय आणली, ती लिहिणाऱ्यानं ‘माझं शोधात येऊ द्या’ असं स्वतः निवडलं असेल तरच. पोस्ट खुली ठेवायची आणि शोधात द्यायची, हे दोन वेगळे निर्णय त्यांनी वेगळे ठेवले. कायद्यालाही ते जमायला हवं.

आमच्या व्यवसायाला हा प्रश्न नवा नाही. भारताच्या 1948 च्या जनगणना कायद्यानुसार कुणाच्या घरची नोंद कुणाला पाहता येत नाही, ती कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. इंग्लंडमध्ये जनगणनेच्या वह्या शंभर वर्षांनी उघडतात. 1921 ची जनगणना 2022 च्या जानेवारीत उघडली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 2010 मध्ये सगळे जाहीर ट्विट जपायला घेतले. 2017 च्या अखेरीस त्यांनी सगळे घेणं थांबवलं आणि घेतलेला साठा वाचकांना खुला केला नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयानं ठेवलं, पण शोधायला दिलं नाही. काय जपायचं आणि ते कधी, कुणाला, कशावरून सापडू द्यायचं, हे दोन निर्णय ग्रंथपाल नेहमीच वेगवेगळे घेत आला आहे.

म्हणून शेवटी आपल्याच घरचा विषय काढते. कार्यकारिणीनं कात्रणविभागाचं आणि वृत्तपत्रांच्या बांधीव खंडांचं स्कॅनिंग करून ते संकेतस्थळावर ठेवायचं ठरवलं आहे. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. कागदाचा भुगा होतो आहे, उशीर करू नये. पण कंत्राटदार मजकुरातला प्रत्येक शब्द शोधता येईल अशी सोय करून देणार आहे, आणि ती झाली की जी कार्डं सरांनी जन्मभर केली नाहीत ती सगळी एका दुपारी तयार होतील. तारखेनं, विषयानं, गावाच्या नावानं शोध असू द्या. पदावरच्या आणि सार्वजनिक जीवनातल्या माणसांची नावंही असू द्या. खासगी व्यक्तींच्या नावांचा शोध बातमीच्या तारखेपासून पंचाहत्तर वर्षं बंद ठेवा. आतली पानं बाहेरच्या शोधयंत्रांना न दिसतील अशी व्यवस्था करा. आणि एखाद्या घरानं अर्ज केला, तर तो कुणी ऐकायचा, किती दिवसांत निकाल द्यायचा, हे लिहून ठेवा. अभ्यासकाला अडचण येईल, तर त्यानं पूर्वीसारखं वाचनकक्षात यावं, खंड मागावा, आम्ही काढून देऊ. करारावर सही होण्याआधी हे ठरावात यायला हवं. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. तो आता अध्यक्षांकडे देते. येत्या सभेत तो मांडला जावा आणि त्यावर मोकळेपणानं वाद व्हावा, अशी माझी विनंती आहे.